भालेरावांची साक्ष

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणी चहाड्या करत नाही, कारण चहाडी करणं पाप आहे. त्याऐवजी प्रार्थनेचे विषय सांगतात. कुणाचा मुलगा पिऊ लागला, कुणाच्या सुनेचं घरात पटत नाही, हे सगळं बुधवारच्या सभेत डोळे मिटून हळू आवाजात देवाला सांगितलं जातं, आणि देवाबरोबर खोलीभर बायकाही ऐकतात. त्या बायकांत मीही असते. म्हणून ईश्वर भालेरावांची इशिता अंथरुणातून उठत नाही, हे मला आधी प्रार्थनेतून कळलं. वास्तविक आम्ही एकाच मजल्यावर राहतो, दारासमोर दार.

भालेराव माणूस सरळ. काशीमीऱ्याला हायवेलगतच्या एका गोदामात सुपरवायझर आहेत. दिवसभर ट्रकवाल्यांशी हिंदीत भांडायचं, शेठशी गुजरातीत गोड बोलायचं आणि संध्याकाळी घरी येऊन नगरकडच्या मराठीत भाकरी मागायची, असा त्यांचा दिवस. परळची चाळ सोडून इथं भाईंदरच्या जेसल पार्कला आले तेव्हा इशिता काखेत होती. रविवारी उपासनेत ढोलकी त्यांच्याकडे. संडे स्कूलही त्यांनी बरीच वर्षं चालवलं. दहा आज्ञा पाठ नसलेल्या मुलाला ते नाताळच्या नाटकात मेंढरूसुद्धा होऊ देत नसत.

खोट्याची त्यांना मनापासून चीड. त्यांचा एक किस्सा आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत आहे. कुणाचा नकोसा फोन आला आणि बायकोनं, सुचेतानं, 'ते घरी नाहीत' म्हणून सांगायचं असलं, की हे आधी चपला घालून जिन्यात जाऊन उभे राहायचे. आता म्हण, आता खरं आहे. आम्ही हसायचो. मलाही त्यात गंमतच वाटायची. माणूस बोललेलं खोटं मागे घेत नाही, तो आपली जागा बदलून ते खरं करतो, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं असतं?

इशिता त्यांची एकुलती एक. अंधेरीच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघायची, आणि आमच्या कॉयरमध्ये गायची. तिनं एकटीनं कडवं उचललं की ढोलकी आपोआप हलकी व्हायची, बापाचं लक्ष पोरीच्या आवाजाकडे. तीच पोर एका उन्हाळ्यात गप्प झाली. आधी गाणं सुटलं, मग ऑफिस, मग आंघोळ. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. सुचेता सांगायची, ताटात घास तसाच असतो आणि हाक मारली तर ती खूप लांबून आल्यासारखी बघते.

घरी यायला लागले ते सल्ले. प्रभूत आनंद करावा, विश्वास कमी पडतोय, कुणाची तरी वाईट नजर असेल, लग्न करून टाका. तेल लावून प्रार्थना झाली, शुक्रवारचे उपास झाले. भालेरावांनी ते उपास मनापासून केले, त्यात मी खोट काढणार नाही. पण सुचेता एक दिवस डोक्यावर ओढणी ओढून पोरीला मीरा रोडच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. दवाखान्याच्या पाटीवर 'मनोविकारतज्ज्ञ' लिहिलेलं होतं, म्हणून रिक्षा तिनं पलीकडच्या मिठाईच्या दुकानासमोर थांबवली. भालेरावांना ती सांगूनच गेली होती. ते म्हणाले, तुला करायचं ते कर, मंडळीत बोलू नकोस. मग गोळ्यांची पट्टी तूरडाळीच्या डब्यामागे राहू लागली. घरसभा असली की तो डबाही बेडरूममध्ये जायचा. प्रार्थनेला आलेल्या बायका चहा करायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात शिरतात, आणि एकदा शिरल्या की सगळं बघून येतात.

पावसाळा संपता संपता इशिता उठू लागली. केस विंचरले. एका संध्याकाळी आई पोळ्या लाटत असताना ओट्याशी उभी राहून गुणगुणली. भालेराव नुकते कामावरून आले होते. ते तसेच बूट न काढता मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. नळ कशाला सोडला ते घरात सगळ्यांना कळलं.

मग आला कापणीचा सण. आता भाईंदरमध्ये कापणी कसली? शेतं होती तिथं टॉवर आलेत. पण आमचे वाडवडील गावाकडून हा सण घेऊन आले, म्हणून आम्ही बाजारातून भोपळे, ऊस, नारळ विकत आणतो, वेदीपुढे रचतो आणि उपासनेनंतर त्यांचाच लिलाव करतो. त्या दिवशी ज्याच्या घरी वर्षभरात देवाचा काही उपकार झाला, तो उभा राहून साक्ष देतो. भालेराव ढोलकी बाजूला ठेवून उठले.

सुरुवात चांगली झाली. मुलगी आजारी होती, मनाचा आजार होता, उपास केले, प्रार्थना केली, प्रभूनं तिला उभं केलं. इथवर सगळं खरं होतं. गोळ्या त्यातून वगळल्या होत्या, पण देव गोळीतूनही काम करतो असं म्हणून आपण ते चालवून घेऊ. पण सभागृहातून 'हालेलुया' आलं, टाळ्या आल्या, आणि ढोलकीवाल्याचा हात टाळ्यांबरोबर जलद होतो तशी त्यांची जीभ झाली. म्हणाले, "डॉक्टरांनी हात टेकले होते. आम्ही सगळ्या गोळ्या फेकून दिल्या. फक्त विश्वास ठेवला." सगळं सभागृह आमेन म्हणालं. माझ्या शेजारी सुचेता होती, तिनं पदर मुठीत धरला. समोर कॉयरच्या रांगेत इशिता स्वतःच्या पायांकडे बघत होती. तिचा आजार सगळ्यांपुढे मांडायच्या आधी तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

त्या दुपारी भालेराव जेवले नाहीत. हे पुढे सुचेतानंच मला सांगितलं. म्हणाले, मी देवाच्या घरात खोटं बोललो. सुचेता म्हणाली, मग पुढच्या रविवारी उठा आणि सांगा, बोलण्याच्या भरात चुकलो. एवढं साधं होतं, आणि त्यांनी ते मानलंही. पण पुढच्या रविवारी आमचे पाळक अमोल यांनी संदेशात, म्हणजे प्रवचनातच, ती साक्ष घेतली. तरुण माणूस, चांगल्या उदाहरणाचा शोध असतो त्यांना. उपासना संपली तर दुसऱ्याच मंडळीतली एक बाई इशिताचे हात धरून रडायला लागली. पेणकरपाड्याच्या घरसभेतून बोलावणं आलं, साक्ष द्यायला या. भालेराव गेले. तिथं ती साक्ष आणखी जरा भरली. माझ्याच्यानं खोटं सांगवत नाही, बोलावण्यांनी त्यांना सुखही होत होतं. आयुष्यभर ज्याला हायवेवरच्या ड्रायव्हरांनी 'ए सुपरवायझर' म्हणून हाक मारली, त्याच्यापुढे आता लोक माईक धरत होते.

पण रात्रंदिवस खुपतही होतं. आणि शेवटी त्यांनी तेच केलं, जे फोन आल्यावर करायचे. चपला घातल्या आणि जिन्यात जाऊन उभे राहिले. फरक एवढाच की या वेळी जिन्यात उभं केलं ते पोरीला.

इशिताला समोर बसवून ते म्हणाले, बेटा, विश्वास ठेवायचा तर पूर्ण ठेवावा. ती म्हणाली, डॉक्टर मॅडमनी सांगितलंय, बरं वाटलं तरी मनानं बंद करायच्या नाहीत. भालेराव म्हणाले, "मग माझ्या शब्दाचं काय, बेटा? सगळ्यांसमोर बोललोय मी."

पोरीनं डाळीच्या डब्यामागची पट्टी आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती स्वतः खाली जाऊन कचऱ्याच्या डब्यात टाकली. साक्ष खरी झाली. त्या दिवशी ते पोटभर जेवले. सुचेता भांडली, अबोला धरला, पण पुन्हा दवाखान्यात जाऊन गोळ्या काही तिनं आणल्या नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि आता तर ती मूठ सगळ्या मंडळीनं पाहिली होती.

काही आठवडे बरे गेले. मग पोरीची झोप गेली, नंतर भूक. भालेराव म्हणायचे, थकलीय जरा. गाण्याच्या तालमीला ती येईनाशी झाली तर म्हणाले, घसा बसलाय. खोट्याची चीड असलेला माणूस रोज असं एकेक काही बोलू लागला आणि मी समोरच्या दारातून ते ऐकत राहिले.

एके सकाळी ते गोदामात असताना अनोळखी नंबरवरून फोन आला. चंपा बोलत होती. चंपा आमच्या जेसल पार्कला खाडीच्या वाटेवर मासळी घेऊन बसते, जुन्या भाईंदरची कोळीण. सुचेता तिच्याकडूनच बोंबील घेते. तिनं इशिताला खाडीकडे जाताना पाहिलं होतं. पोरगी पाण्याच्या काठाशी गेली, चपला काढून नीट जोडून ठेवल्या आणि उभी राहिली. चंपानं पाटी तशीच टाकली आणि तिच्यामागं गेली. काय करतेस, का करतेस, काही विचारलं नाही. म्हणाली, पोरी, मला जरा जायचं हाय, तवर माझ्या पाटीपाशी बस, मांजरी मासली नेतान. इशिता लहानपणापासून कुणाच्या कामाला नाही म्हणत नाही. ती येऊन बसली. चंपा कुठेच गेली नाही. तिच्याकडूनच बापाचा नंबर घेतला आणि फोन लावला.

भालेराव काशीमीऱ्याहून रिक्षानं आले. पोरगी मासळीच्या पाटीमागे अनवाणी बसून पुठ्ठ्याच्या तुकड्यानं माश्या हाकत होती. तिच्या चपला चंपानं आपल्या मांडीखाली दाबून ठेवल्या होत्या. त्या तिनं भालेरावांकडे दिल्या आणि एवढंच म्हणाली, "तिला काय इचारू नको. दवाखान्यान् ने. आनि येकटी सोरू नको." भालेराव रस्त्यात गुडघ्यावर बसले आणि पोरीच्या पायांत चपला घातल्या. बाजारातली ओळखीची माणसं बघत होती. ती बघतायत म्हणून त्या वेळीही लाज वाटली, असं त्यांनी मला पुढे सांगितलं. पोरगी खाडीवरून परत आलीय आणि मला लोकांची लाज वाटतेय, म्हणाले. त्या लाजेची लाज त्यांना आजवर पुसता आलेली नाही.

तिथून ते सरळ मीरा रोडला गेले. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, गोळ्या कुणी बंद केल्या? भालेरावांनी तोंड उघडलं. ज्या तोंडानं भरल्या सभागृहात माईकवर बोलले, ते तोंड तिथं उघडून नुसतं राहिलं.

इशिता म्हणाली, "मीच बंद केल्या. बरं वाटत होतं म्हणून."

मग बाईंनी इशिताला रागावलं. चांगलं खडसावलं. शिकलेली मुलगी आहेस, असं कसं केलंस, जिवाशी खेळ झाला असता. पोरगी खाली मान घालून सगळं ऐकत होती आणि बाप शेजारच्या खुर्चीत बसून तिच्या वाट्याला आलेली आपली बोलणी ऐकत होता. त्यानंतरही ते तिथं काही बोलले नाहीत. हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघत नव्हते. खोट्या बापाला वाचवायला पोरीला खोटं बोलावं लागलं, असं म्हणाले. मी चहा केला.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. या वेळी वेळ लागला. आता जेवणानंतर पाण्याचा ग्लास आणि गोळी भालेरावच घेऊन यायचे. आधी-आधी गोळी मुठीत झाकून आणायचे, घरात तिघंच असली तरी. ढोलकी त्यांनी सोडली नाही, पण साक्षीची बोलावणी टाळू लागले. कधी पाठ दुखते, कधी गोदामात काम आहे. साक्ष मात्र त्यांच्याशिवायच फिरत होती. सुटलेलं बोलणं कुणाच्या बापाचं राहत नाही.

शेवटी पेणकरपाड्याच्या त्या घरसभेतल्या एका बाईंचा फोन आला. आनंदानं सांगत होत्या, त्यांच्या मुलीलाही, मनालीला, असंच होतं, आणि आता भालेरावांची साक्ष धरून घरचे सगळे येत्या रविवारी प्रार्थना करून तिच्या गोळ्या बंद करणार आहेत. भालेराव म्हणाले, करू नका. बाईंना वाटलं, ऐकू नीट आलं नाही. का करू नका, असं त्यांनी विचारलं. भालेराव खिडकीशी उभे होते. जिन्यात जाऊन उभं राहण्याजोगं या वेळी काही नव्हतं. ते म्हणाले, "कारण मी खोटं सांगितलं होतं, ताई. माझी मुलगी गोळ्यांनीच उठली होती. मी बंद केल्या तेव्हा पुन्हा पडली."

 पलीकडून फोन बंद झाला. मनालीच्या गोळ्या चालू राहिल्या हे नंतर कळलं, पण ती माणसं भालेरावांशी अजून बोलत नाहीत.

आता एकीला कळलं होतं, बाकीच्यांना कळायचं होतं. कापणीचा सण पुन्हा जवळ आला होता. साक्ष कशी द्यायची ते आमच्याकडे लहान मुलालाही येतं, पण दिलेली परत कशी घ्यायची याचा काही रिवाज नाही. या वेळी भालेरावांनी आधी इशिताला विचारलं. तिला विचारून काही बोलण्याची त्यांची ही पहिलीच खेप. मी उभा राहू का, म्हणाले. तिनं हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"तुमचं तुम्ही सांगा, पप्पा. माझं सांगू नका. मला वाटलं तर मी सांगेन." मग म्हणाली, "आणि प्रार्थनेला नावं ठेवू नका. मी आजारी होते ना, तेव्हा मला देवाचं नाव घ्यायलासुद्धा तोंड उघडवत नव्हतं. गोळी घेते म्हणून प्रार्थना करता येते मला."

सणाच्या दिवशी भोपळे रचले होते, ऊस बांधले होते. पाळकांनी साक्षीसाठी विचारलं. भालेराव उठले तेव्हा लोकांच्या चेहऱ्यावर आधीच हसू आलं, पुढचा भाग ऐकायला मिळणार म्हणून. त्यांनी माईक घेतला नाही. ढोलकीपाशीच उभे राहून बोलले, आवाज मागच्या रांगेपर्यंत जेमतेम पोचला.

"गेल्या वर्षी याच जागी मी खोटं बोललो. डॉक्टरांनी हात टेकले नव्हते. गोळ्या आम्ही फेकल्या नव्हत्या. मग माझं बोलणं खरं करायला मी त्या फेकल्या. त्याचं पुढं काय झालं ते माझ्या मुलीचं आहे, ते मी सांगणार नाही. माझं ऐकून कुणी औषध बंद केलं असेल, तर आज घरी जाताना डॉक्टरकडे जा. प्रार्थना करा. दोन्ही करा. मला माफ करा, एवढंही म्हणायला मला लाज वाटते."

मागून एका म्हाताऱ्या काकांनी सवयीनं 'आमेन' म्हटलं आणि मग त्यांचं त्यांनाच कसंसं झालं.  पाळक अमोल मान खाली घालून उभे होते. पुढचं गाणं सांगायचं ते विसरले असावेत, कारण कॉयर पुस्तकं उघडून नुसती वाट बघत राहिली. भालेराव खाली बसले. ढोलकी त्यांनी मांडीवर घेतली, पण थाप दिली नाही. शेवटी इशितानंच गाणं उचललं, ढोलकीशिवाय. दुसऱ्या कडव्याला थाप आली, थोडी चुकून.

लिलाव झाला, मग मांडवात प्रीतिभोजन. भालेरावांशी बोलायला फारसं कुणी आलं नाही. जे आले ते बिर्याणीबद्दल बोलले. एरवी ज्यांना दहा लोक खेचत असायचे, ते मोठ्या पंख्यासमोरच्या टेबलापाशी सुचेता आणि पोरीजवळच उभे राहिले. मी समोर बसले होते, म्हणून मला पुढचं दिसलं.

जेवण झाल्यावर इशितानं पर्समधून पट्टी काढली. भर मांडवात, टेबलावर, सगळ्यांसमोर. शेजारच्या टेबलावरच्या बायकांच्या माना वळल्या. भालेराव लगेच पुढे झाले आणि तिच्या आणि त्या बायकांच्या मधे उभे राहिले, हातात ताट धरून, सहज उभं राहिल्यासारखे. सकाळी सगळ्या मंडळीपुढे उभं राहून बोललेला माणूस, आणि तरी पाय आपोआप तिथं गेले. ते त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

इशितानं वर बघितलं. "पप्पा, सरका ना. वारा अडतोय."

आपण काय करतोय ते भालेरावांना तेव्हा कळलं. त्यांचे कान लाल झाले. ते बाजूला झाले. इशितानं सगळ्यांच्या देखत गोळी जिभेवर ठेवली, तर ग्लास रिकामा. भालेराव पाण्याच्या पिंपाशी गेले आणि पूर्ण मांडव ओलांडून, दोन्ही हातांत धरून, तिच्यासाठी पाणी घेऊन आले.